पेटीतून वाचून आलेल्या लेकरांच्या दम्याचं काय?

आमच्या भागात म्हातारी माणसं अजून सांगतात की सातमाशा पोरगं जगते पण आठमाशा जगत नाही, आणि हे इतक्या ठामपणे सांगतात की आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईच्या घरी दवाखान्याची गाडी यायच्या आधीच रडारड सुरू होते. डॉक्टरी हिशोबाने हे साफ चूक आहे. पोटात राहिलेला एकेक आठवडा लेकराच्या फायद्याचाच असतो, आठमाशा हे सातमाशापेक्षा कधीही बरं. पण मला या म्हणण्यातली दुसरी एक गोष्ट जास्त खटकते, ती म्हणजे सगळा प्रश्न जगेल की नाही एवढ्यावरच अडकलेला आहे. जगलं, बारसं झालं, आंगणवाडीत जायला लागलं की ते कितव्या महिन्यात झालं होतं, किती वजनाचं होतं, किती दिवस ऑक्सिजनवर होतं हे सगळे विसरून जातात, घरचेही आणि सरकारी यंत्रणाही, आणि आठदहा वर्षांनी तेच पोरगं मैदानावर एक चक्कर मारून छाती धरून बसतं तेव्हा कोणालाच त्याच्या जन्माची आठवण येत नाही. तेव्हा कारणं निघतात दही खाल्लं, केळं खाल्लं, पावसात भिजलं, आज्याला दमा होता.

मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. पण याबद्दल वाचून, डॉक्टर मित्रांना विचारून, आणि वर्गातली पोरं बघून माझं एक मत पक्कं झालंय, ते असं की ज्या कमी दिवसांच्या लेकराला आपण दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवून वाचवलं त्याच्या श्वासाची जबाबदारी डिस्चार्जच्या दिवशी संपत नाही, आणि जन्माची माहिती त्याच्यासोबत शाळेपर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसीच्या) ओपीडीपर्यंत यायलाच पाहिजे.

पाचवीतली एक मुलगी आहे, हुशार, पाढे तोंडपाठ. थंडी सुरू झाली किंवा कापसाच्या गाड्या भरायला लागल्या की तिचं सुरू होतं. दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून बसते, खांदे वर वर जातात, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते, आणि बोलायला गेली की तीन शब्दांनंतर थांबते. तिच्या आईला बोलावलं तर ती म्हणे, "तिले थंडं सोसतच नाही जी सर, आमी दही नाही देत, केळं नाही देत, तरी होतेच." मी सहज विचारलं की जन्माच्या वेळी काही त्रास होता का. "आठव्यातच झाली होती ना जी. दीड किलोची बी नव्हती. जिल्ह्याच्या दवाखान्यात काचीच्या पेटीत ठेवली होती लय दिवस." दुसऱ्या दिवशी ती माउली राशन कार्डाच्या पन्नीत घडी करून ठेवलेला डिस्चार्जचा कागद घेऊन आली. बत्तीस आठवडे, वजन १४८० ग्रॅम, ऑक्सिजन दिल्याची नोंद, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. इतक्या वर्षांत खोकल्यासाठी किती दवाखाने झाले, किती सलायनी, किती इंजेक्शनं, पण तो कागद बघायला कोणी मागितलाच नव्हता.

आता या कागदाचा आणि आजच्या धापेचा संबंध काय ते सांगतो. गर्भात फुप्फुस वाढतं ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडासारखं, आधी फांद्या फुटतात आणि बोंडं नंतर लागतात. श्वासनळ्यांच्या सगळ्या फांद्या साधारण सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत फुटून झालेल्या असतात, म्हणजे पाचवा महिना लागायच्या आतच, त्यानंतर नवीन नळी तयार होत नाही, आहे तीच लांब-रुंद होते. हवेच्या बारीक पिशव्या, ज्यांच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो, त्या आठव्या-नवव्या महिन्यात बनायला लागतात आणि बहुतेक तर जन्मानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत बनतात. फुप्फुस चिकटून बसू नये म्हणून आत जो साबणासारखा पातळ थर लागतो तो पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. आता जे लेकरू बत्तिसाव्या आठवड्यात बाहेर आलं त्याला हे उरलेलं सगळं काम पोटातल्या शांत जागेऐवजी उघड्या हवेत करावं लागतं, ऑक्सिजनच्या नळीखाली, जंतूंमध्ये, आणि घरी आल्यावर धुरामध्ये. नळ्या अरुंद राहतात. साधी सर्दी झाली, आतून थोडी सूज आली, की दुसऱ्याच्या रुंद नळीला काही होत नाही पण याची नळी बंद होते आणि घरघर सुरू. मुलांच्या नळ्या लहानपणी मुलींपेक्षा अरुंद असतात म्हणून लहान वयात मुलांना दमा जास्त दिसतो, वयात आल्यावर हे उलटतं आणि बायांमध्ये जास्त होतो.

हे फक्त अंदाज नाहीत. २०१४ मध्ये तीस अभ्यास, सुमारे पंधरा लाख मुलं एकत्र करून बघितलं गेलं तेव्हा दिवस भरायच्या आधी झालेल्या मुलांमध्ये साधारण १४ टक्क्यांना दमा किंवा घरघरीचा त्रास होता, पूर्ण दिवसांच्या मुलांमध्ये ८ टक्क्यांना. बत्तीस आठवड्यांच्याही आधी झालेल्यांमध्ये तर धोका जवळपास तिप्पट. त्याच वर्षी युरोपातल्या ३१ ठिकाणच्या सुमारे १ लाख ४७ हजार मुलांचा हिशोब आला, त्यातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली की कमी वजनाचा आणि दम्याचा जो संबंध दिसतो त्यातला मोठा भाग खरं तर लवकर जन्माचा आहे. म्हणजे वजन काट्यावर दिसतं म्हणून आपण तेच लिहितो, पण आठवडे किती भरले होते हे त्याहून महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे धड लिहिलं जात नाही कारण शेवटच्या पाळीची तारीख विचारायला पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी व्हावी लागते, आणि कामावर जाणारी बाई चौथ्या-पाचव्या महिन्यातच नर्सताईंकडे पोचते.

नोंदीची ताकद काय असते याचं एक उदाहरण मला फार आवडतं. इंग्लंडमध्ये हार्टफर्डशायर नावाचा परगणा आहे, तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य आरोग्य सेविकेच्या देखरेखीखाली नर्स घरोघरी जाऊन प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन, एक वर्षाचं वजन, झालेले आजार हे सगळं वहीत लिहायच्या. सत्तर-ऐंशी वर्षांनी डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि त्या बाळांचा, म्हणजे तोवर म्हाताऱ्या झालेल्या माणसांचा, पत्ता लावून त्यांची फुप्फुसं तपासली. १९९१ मध्ये त्यांनी छापलं की जन्माला कमी वजनाचे होते त्यांची फुप्फुसं साठीत कमजोर निघाली, बिडी-सिगारेटचा हिशोब बाजूला काढला तरीसुद्धा, आणि पहिल्या वर्षात न्यूमोनिया-खोकला झालेल्यांची आणखीच कमजोर. तो अभ्यास दम्याचा नव्हता, म्हातारपणी फुप्फुस आखडण्याच्या आजाराचा होता, हे स्पष्ट सांगतो. पण दोन्हीचं मूळ एकमेकांजवळ आहे, कारण फुप्फुसाची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते आणि मग हळूहळू उतरते. जो खालच्या पायरीवरून निघाला तो लवकर तळाला पोचणार. २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की तसल्या आजाराच्या जवळपास अर्ध्या लोकांची फुप्फुसं चाळिशीच्या आधीपासूनच कमी ताकदीची होती. आपल्याकडे गावात पन्नाशीची बाई, आयुष्यात कधी बिडी ओढलेली नाही, आणि विहिरीवरून दोन हंडे आणताना तीनदा थांबते, तिचं उत्तर चुलीत तर आहेच पण काही प्रमाणात तिच्या स्वतःच्या जन्मातही असू शकतं.

आणि त्या नर्सबाईंच्या वह्या म्हणजे काय होतं शेवटी? आमच्या गावातली आशाताई जे करते तेच. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, काटा लावते, ताप बघते, श्वास मोजते. ही पद्धत दिल्लीतून आलेली नाही, आपल्या गडचिरोलीतून देशाला गेलेली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी केले, ते १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलं. त्याच्याही आधी गावातल्या लोकांनी न्यूमोनियावर गोळी-औषध देऊन पोरं वाचवता येतात हे तिथेच दाखवलं होतं. विदर्भाच्या माणसाला याचा अभिमान वाटला पाहिजे, मला तर वाटतोच. पण म्हणूनच माझा हट्ट आहे की पुढचं पाऊलसुद्धा इथूनच पडावं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष आहेत, पंधराशे ग्रॅमची, बाराशे ग्रॅमची लेकरं घरी जातात, पंचवीस वर्षांपूर्वी ती गेली नसती. म्हणजे अरुंद नळ्यांची, नाजूक फुप्फुसाची पोरं आता जास्त संख्येने आपल्या शाळांमध्ये येणार आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मग त्यांच्यासाठी पुढची तयारी कुठे आहे?

आशाताईच्या भेटी पंधराव्या महिन्यापर्यंत असतात. त्यानंतर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची गाडी आंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, डॉक्टर असतात, नर्स असते. या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत श्वासनळ्या आखडून धाप लागण्याचा आजार आहे, म्हणजे दमा कागदावर आहेच, नवीन योजना काढायची गरज नाही. अडचण अशी की एका दिवसात सगळी शाळा तपासायची असते, पोरगं त्या दिवशी बरं असतं, छातीला नळी लावली तर काही ऐकू येत नाही, आणि टीमच्या हातात त्याच्या जन्माचा एक शब्दही नसतो. दमा हा येऊन-जाऊन असणारा आजार आहे, तो तपासणीच्या दिवशी सापडत नाही, तो माहितीतून सापडतो. रात्री खोकून उठतं का, पळालं की घरघर होते का, आईबापाला दमा आहे का, आणि दिवस भरून झालं होतं का. हे चार प्रश्न विचारायला मशीन लागत नाही.

जन्माची माहिती फक्त ओळखायलाच कामाची आहे असंही नाही, उपचारालाही कामाची आहे. लवकर जन्मलेल्या पोरांची घरघर ही नेहमी ॲलर्जीच्या दम्यासारखी नसते, काहींच्या नळ्या नुसत्या अरुंद असतात, आत ॲलर्जीची सूज फारशी नसते, त्यामुळे जे औषध शेजारच्या पोराला लागू पडलं ते याला तितकं लागू पडेलच असं नाही. हे डॉक्टरला कळणार कसं जर त्याला माहीतच नसेल की हे पोरगं बत्तीस आठवड्यांचं आहे?

आता मागे जाऊ, म्हणजे पोरगं पोटात असतानाच्या गोष्टींकडे, कारण तिथे करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे आणि तिथेच आपण सगळ्यात कमी बोलतो.

खर्रा. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, कुठेही जा, चौकात पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, मिळतोच, आणि तो फक्त माणसं खातात असं समजू नका. बाया खातात, गरोदर बाया खातात, काही ठिकाणी तंबाखूची गुडाखू दातांना घासतात, शेतात भूक मरावी म्हणून, उलटी थांबावी म्हणून, सवय म्हणून. बिडी ओढणं वाईट हे सगळ्यांना माहीत आहे पण चघळलेली तंबाखू पोटातल्या लेकरापर्यंत जाते हे माहीत नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला, तंबाखू खाणाऱ्या बायांची लेकरं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आणि सहा दिवस लवकर झाली. सहा दिवस ही सरासरी आहे, कोणाचे तीन आठवडेही गेले असतील. गडचिरोलीत मुक्तिपथ या नावाने दारू-तंबाखूविरुद्ध काम चालतं, तसं काम प्रत्येक जिल्ह्यात का नाही?

मग खाणं आणि रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर बायांमध्ये रक्त कमी निघालं आणि वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. उपाशी पोटाचा आणि श्वासाचा काय संबंध असं वाटेल, तर हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भयंकर उपासमार झाली, त्या काळात पोटात असलेल्या लेकरांना पन्नाशीत तपासलं तेव्हा ज्यांच्या आया गरोदरपणाच्या सुरुवातीला किंवा मधल्या महिन्यांत उपाशी होत्या त्यांच्यात श्वासनळ्या आखडण्याचे आजार जास्त निघाले. सुरुवातीचे महिने, म्हणजे तेच, फांद्या फुटण्याचे. आपल्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण मिळतं, चांगली योजना आहे, पण कापूस वेचणारी बाई आदिवासी भागाबाहेरही आहे आणि तिचंही पोट तेवढंच रिकामं आहे. मातृवंदना योजनेचे पहिल्या लेकरासाठीचे पाच हजार रुपये म्हणजे किती दिवसांची मजुरी झाली हे शेतमजुराच्या घरात विचारा. नववा लागला तरी बाई वाकून वेचणी करते ती हौसेने करत नाही. तिला "आराम कर" असा सल्ला फुकट देण्यापेक्षा शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी घरपोच द्या, मग सल्ला द्या. सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या बायांचं तर आणखीच अवघड, त्यांच्यात लवकर बाळंत होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि विदर्भात सिकलसेल घराघरात आहे.

धुराबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या हेच आमचं इंधन. उज्ज्वलाचं सिलेंडर बहुतेक घरी आहे पण चहापुरतं, पाव्हण्यापुरतं, बाकी भाकर चुलीवर, कारण भरून आणायला एकदम पैसे लागतात आणि पऱ्हाट्या तर धुऱ्यावर पडल्याच आहेत. आता प्रामाणिकपणे एक सांगितलं पाहिजे. गरोदर बायांना गॅस देऊन बघण्याचा एक मोठा प्रयोग भारतासह चार देशांत झाला, ३२०० बाया होत्या, आणि २०२२ मध्ये निकाल आला की बाळाच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही लोक याचा अर्थ लावतात की मग चूल चालते. मला तसं वाटत नाही. त्या बायांना गॅस मिळाला तेव्हा पहिले दोन-अडीच महिने तर कधीच गेलेले होते, आणि वजन हा एकच हिशोब नाही, लेकरू जन्मल्यावर तोच धूर त्याच्या बनत्या पिशव्यांमध्ये जातो. पण या निकालातून एवढं मात्र घ्यायला हवं की फक्त सिलेंडर वाटून प्रश्न सुटला असं सरकारने म्हणू नये, आणि आपणही म्हणू नये.

आणि चुलीपेक्षाही मला जास्त त्रास होतो तो बाळंतिणीच्या खोलीचा. बाजेखाली शेगडी, त्यात ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं, दार-खिडकी बंद, वरून गोधडी, आणि त्या धुरीत आठ-दहा दिवसांचं लेकरू. आजी हे प्रेमानेच करते, तिच्या आजीने तिच्यासाठी केलं होतं, म्हणून तिला हसू नका आणि रागावूही नका. ऊब लेकराला पाहिजेच, कमी दिवसांच्या लेकराला तर फारच पाहिजे. पण ऊब वेगळी आणि धूर वेगळा. ऊब द्यायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे लेकराला आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवायचं आणि वरून कापड बांधायचं, कांगारू पद्धत म्हणतात तिला, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या एका दवाखान्यात पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली आणि आता जगभर मानली जाते. आई थकली तर बापानेही घ्यावं, आजीनेही घ्यावं. आजीला "हे बंद कर" म्हणण्यापेक्षा "तुम्ही घ्या छातीवर" म्हटलं तर ती आनंदाने घेते, हे मी घरात बघितलंय. मेळघाटात पोट उडणाऱ्या, धापा टाकणाऱ्या लेकराला डंबा देतात, तापलेल्या विळ्याचे चटके, त्याबद्दल पेपरात दरवर्षी येतं आणि लोक अडाणी म्हणून मोकळे होतात. श्वास अडकलेलं लेकरू घेऊन आईला रात्री जायला जवळ जागा नसते हा त्यातला अर्धा भाग कोणी छापत नाही.

सिझरबद्दल लोक फार विचारतात म्हणून थोडक्यात. सिझरने झालेल्या मुलांमध्ये दमा थोडा जास्त दिसतो, जुन्या अभ्यासांत २० टक्क्यांच्या आसपास जास्त, पण त्यात इतर कारणं मिसळलेली असतात, भावंडांची तुलना केली की हा फरक कमी होतो. म्हणून गरज असताना सिझर करून घेणाऱ्या बाईच्या मनात दम्याची भीती घालणं चूक आहे, जीव वाचतो तिथे दुसरा विचार करूच नये. मात्र तारीख-मुहूर्त बघून, डॉक्टरची नाहीतर घरच्यांची सोय बघून सदतिसाव्या आठवड्यातच पोट उघडणं हे मात्र चूकच, कारण एकोणचाळीस आठवड्यांच्या आत ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळाला श्वासाचा त्रास जास्त होतो हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. महाराष्ट्रात चारातली एक बाळंतपणं सिझरने होतात. त्यातली किती थांबू शकली असती हे बघायला पाहिजे.

आता उपचार. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने मरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात मरतात. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे ना, ते आजाराचं नाही, औषध न पोचण्याचं आहे. गावात दम्यावर काय मिळतं? इंजेक्शन, डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या, खोकल्याचं पातळ औषध. मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला रेल्वे भरून लोक जातात, कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला रांगा लागतात. मी त्या रांगेतल्या माणसाला दोष देणार नाही, ज्याला वर्षभर कोणी नीट औषध दिलं नाही तो जाईल नाहीतर काय करेल. पण पंप, म्हणजे तोंडाने ओढायचा इनहेलर, म्हटलं की तोच माणूस घाबरतो, सवय लागते म्हणतो, शेवटचं औषध म्हणतो. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि सरळ फुप्फुसात जातं, गोळीतून पोटात जाणाऱ्या स्टेरॉइडच्या तुलनेत अगदी थोडं, त्यामुळे घाबरायचंच असेल तर महिनोन् महिने खाल्लेल्या डेक्साला घाबरा. रोज घ्यायचा सूज कमी करणारा पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग तो प्रत्येक पीएचसीत बारा महिने का नसावा?

लहान पोराला पंप ओढता येत नाही, मध्ये एक डबा लागतो, तो महाग पडतो असं म्हणतात. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक तापलेल्या तारेने पाडलं, पंप त्यात घट्ट बसवला आणि पोराने बाटलीच्या तोंडातून श्वास घेतला, तर विकतच्या डब्याइतकंच काम होतं. आमच्याकडे अशा बाटल्या लग्नाच्या मांडवाबाहेर पोत्याने पडलेल्या असतात. डॉक्टरांनी माप बघून एकदा करून दाखवलं तर आशाताई बनवून देऊ शकते.

माझ्या या मताला विरोध करणारे लोकही भेटतात, त्यात डॉक्टर आहेत, मास्तर आहेत. एक म्हणणं असं की आधी मरणारी लेकरं वाचवा, दमा नंतर बघू. मी म्हणतो की दोन्हीचा मार्ग एकच आहे. पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, पोटभर खाणं, खर्रा बंद, धूर बंद, शेवटच्या महिन्यांत आराम, यातल्या कोणत्या गोष्टीने फक्त दमा कमी होतो? यानेच मृत्यूही कमी होतात. दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे, की अशा नोंदी ठेवल्या तर पोरावर दमेकरी म्हणून शिक्का बसेल, पोरगी असेल तर लग्नाच्या वेळी अडेल. हे मी मानतो, गावात हे होतं. म्हणूनच आकडा पूर्ण सांगा, लवकर झालेल्या शंभर पोरांपैकी शहाऐंशीच्या आसपास पोरांना दमा झालेला नाही, त्यामुळे आठमाशा म्हणजे दमेकरी असं समीकरण कोणी मांडू नये. नोंद आजाराची ठेवायची नाहीच, फक्त तीन गोष्टींची ठेवायची, आठवडे, वजन, पेटीतले दिवस, आणि ती शाळेच्या फळ्यावर नाही तर आरोग्य पत्रिकेत, डॉक्टरला दिसेल अशी. ज्या पोरीचा दमा पंपाने आटोक्यात आहे ती धावते, शिकते, तिच्याबद्दल कोणाला काही सांगावं लागत नाही. जिचा दमा लपवला तिचाच चारचौघांत दिसतो.

आणि आयांना दोष देणं थांबवा. पोरगं धापा टाकायला लागलं की पहिला प्रश्न आईला, काय खाऊ घातलंस. तिने सातव्या महिन्यात उन्हात किती ओळी निंदल्या, तेव्हा तिच्या ताटात काय होतं, ती सोळा वर्षांची असताना तिचं लग्न कोणी लावलं, हे प्रश्न बाकीच्यांना विचारायचे असतात.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत यंदा ठरलंय की जून अखेरीला शाळा उघडेल तेव्हा पहिलीत नाव घालायला येताना पालकांनी जन्माच्या दाखल्यासोबत माता-बाल कार्ड आणि दवाखान्याचा डिस्चार्ज कागद असेल तर तोही आणायचा, आम्ही फोटो काढून परत देऊ आणि आठवडे-वजन मुलाच्या आरोग्य पत्रिकेत लिहू. जुन्या वर्गांचंही हळूहळू करू. कार्ड हरवलं असेल तर आशाताईच्या जुन्या रजिस्टरमध्ये बघू, तिने मदत करायचं कबूल केलंय. तपासणीची गाडी येईल तेव्हा ही यादी डॉक्टरांच्या हातात देणार, म्हणजे दोनशे पोरांतून नेमकी कोणती दहा-पंधरा पोरं नीट बसवून विचारायची ते त्यांना कळेल. याला एक पैसाही लागत नाही. तुमच्या गावच्या समितीत हा विषय घ्या, ग्रामसभेतही घ्या, आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पंपाच्या साठ्याबद्दल लेखी अर्ज द्या, तोंडी नको, लेखी, तारीख टाकून आणि पोच घेऊन.